बेंगळुरूची ९११, नाशिकचं पासिंग: परराज्यातून जुनी महागडी गाडी घेण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या खरेदीदाराला अण्णा म्हणू. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत त्यांचं मशीनिंगचं युनिट आहे. घरचा आणि युनिटचा हिशेब वहिनी पाहतात, पुतण्या हाताशी असतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा गोळाबेरजेत दिल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी विमा सर्वेयर आहे. कागद वाचून आणि तपासणीचे अहवाल पाहून मत द्यावं, एवढ्यासाठी मला यात बोलावलं होतं.

अण्णांना पोर्शे ९११ घ्यायची होती, आणि ही हौस एका रात्रीतली नव्हती. नवीन घेणं आवाक्याबाहेर होतं, म्हणून २०१३ ते २०१५ च्या दरम्यानची कॅरेरा एस शोधायचं ठरलं. जाणकार हिला '९९१' पिढी म्हणतात: मागच्या बाजूला ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ४०० अश्वशक्ती, आणि पीडीके नावाचा सात गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. त्याआधीच्या काही ९११ गाड्यांमध्ये इंजिनातल्या एका बेअरिंगने मालकांना रडवलं होतं. या पिढीच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही, म्हणून जुनी घेणाऱ्यांची हिच्यावर नजर असते.

वहिनींच्या अटी दोनच होत्या. कर्ज काढायचं नाही आणि युनिटच्या खेळत्या भांडवलाला हात लावायचा नाही. या हिशेबाने मर्यादा ठरली ९० लाखांची. नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू मिळून जातात, पण ९११ सहसा मिळत नाही. त्यामुळे शोध मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूकडे वळला. ही गोष्ट २०२५ च्या पावसाळ्यातली.

समोर आलेले पर्याय

मुंबईची गाडी २०१५ ची होती आणि पासिंग महाराष्ट्राचंच होतं. सांगितलेली किंमत ९८ लाख. ताणली असती तर ९५ पर्यंत आली असती, पण मर्यादेच्या बाहेरच राहिली असती. तिचा मोठा फायदा असा की फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं की काम झालं. पुन्हा कर भरायचा नाही. पण डीलर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासायला न्यायला तयार होईना. 'आमचा स्वतःचा रिपोर्ट आहे, तो पाहा,' एवढंच म्हणत राहिला.

दिल्लीची गाडी ७८ लाखांना होती आणि पुतण्याचा जीव तिच्यात अडकला होता. गाडी २०१३ ची, पण हिमाचलमधली पहिली नोंदणी बऱ्याच वर्षांनी झालेली. मधल्या काळात ती कुठे होती, हे कोणी सांगेना. 'बिल ऑफ एंट्री', म्हणजे आयात करताना सीमाशुल्क भरल्याचा मूळ दस्तऐवज, मागितला तेव्हा 'तो पहिल्या मालकाकडे असेल' असं उत्तर मिळालं. हा पर्याय आम्ही तिथेच सोडला. पूर्ण बांधणीची आयात होणाऱ्या अशा गाड्यांवरचं शुल्क गाडीच्या आयात किमतीच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त असायचं. ते चुकवून आणलेली गाडी जप्त होते ती शेवटी ज्याच्या दारात उभी असेल तिथून. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीमाशुल्क विभागाने केरळात 'नुमखोर' नावाची मोहीम काढली. भूतानमार्गे आणून खोट्या कागदांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवल्याच्या संशयावरून त्यांनी बऱ्याच महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. ती बातमी आल्यावर पुतण्यानेही तो विषय सोडला.

तिसरी बेंगळुरूची. २०१४ ची, पासिंग कर्नाटकाचं, मीटरवर २२ हजार किलोमीटर, मागणी ९२ लाखांची. मूळ विक्री भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून झालेली, पहिलं बिल उपलब्ध, सर्व्हिसची नोंद सलग. कागदावर ही सगळ्यांत स्वच्छ दिसत होती.

चौथा पर्याय वहिनींचा: थांबा, सहा महिन्यांत मुंबईतच दुसरी येईल. त्यावर घरात म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

गाडी नेमकी कोणाची?

बेंगळुरूच्या डीलरने आरसीचा फोटो पाठवला आणि खरी अडचण तिथे दिसली. नोंदीत मालक म्हणून एका खासगी कंपनीचं नाव होतं आणि खाली एका वित्तसंस्थेचं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा. डीलरचं नाव कुठेच नव्हतं. गाडी त्याच्या शोरूममध्ये उभी होती, पण ती त्याने विकत घेतलेली नव्हती. कंपनीने ती विकायला ठेवली होती आणि डीलर कमिशनवर ग्राहक शोधत होता.

यात गैर काही नाही, असे व्यवहार रोज होतात. पण परराज्यातल्या खरेदीदाराच्या दृष्टीने यामुळे सगळंच बदलतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी अधिकारपत्राची तरतूद आली. अशा नोंदणीकृत डीलरकडे मालकाने गाडी सोपवून तशी ऑनलाइन सूचना दिली की डीलर 'मानीव मालक' ठरतो आणि एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) किंवा नावबदलाचा अर्ज स्वतः करू शकतो. या डीलरकडे ते अधिकारपत्र नव्हतं. त्यामुळे बोजा उतरवणं, एनओसी, विक्रीचं बिल, फॉर्मवरच्या सह्या, हे सगळं त्या कंपनीकडूनच यायला हवं होतं. डीलरने दिलेला शब्द कंपनीवर बंधनकारक नव्हता.

आणि डीलर मागत होता पाच लाखांचं टोकन, स्वतःच्या खात्यात. कारण नेहमीचंच: हैदराबादचं गिऱ्हाईक उद्या येतंय, दसऱ्याआधी गाडी जाणार.

हा पहिला निर्णयाचा क्षण. अण्णा पैसे पाठवायला निघालेच होते. दसऱ्याला गाडी दारात असावी, असं त्यांच्या मनात होतं, आणि ती इच्छा मी कमी लेखत नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला सणाचा दिवस महत्त्वाचा वाटणारच. वहिनींनी एकच प्रश्न विचारला: 'गाडी नापास झाली तर हे पाच लाख आपण कोणाकडे मागायचे?' उत्तर कोणाकडेच नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. टोकन ५० हजारांचं, तेही कंपनीच्या खात्यात. तपासणीत गाडी पसंत न पडल्यास परत, असा मजकूर कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आधी यायचा. डीलर नाराज झाला, पण दोन दिवसांनी तसा ईमेल आला. हैदराबादचं गिऱ्हाईक पुढे कधी ऐकू आलं नाही.

तपासणी

गाडी बेंगळुरूच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली आणि खरेदीपूर्व तपासणीचे पैसे अण्णांनी स्वतः भरले. पुतण्या तिथे दिवसभर उभा होता. अण्णा मुद्दाम गेले नाहीत. गाडी समोर पाहिली की आपला निर्णय होऊन जाईल, हे त्यांना माहीत होतं. मला त्यांचं हे फार शहाणपणाचं वाटलं.

माझी सर्वांत मोठी शंका पाण्याची होती. आरसीवरचा पत्ता बेंगळुरूच्या पूर्व भागातला होता, जिथे सप्टेंबर २०२२ मध्ये तळी फुटून वसाहतीच्या वसाहती पाण्यात गेल्या आणि महागड्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यात चालू विमा पॉलिसीवर नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, होता २५ टक्के. हा आकडा बोलतो. क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो. मग एक वर्ष क्लेमविना गेलं की २०, दोन वर्षं गेली की २५, पुढे ३५, ४५ आणि ५०. पॉलिसी मे २०२५ ला सुरू झालेली. म्हणजे मे २०२३ पासूनची दोन वर्षं क्लेमविना गेली आणि त्याच्या आधीच्या वर्षात, मे २०२२ ते मे २०२३ मध्ये, काहीतरी घडलं होतं. सप्टेंबर २०२२ नेमका त्यातच येतो.

डीलर म्हणाला, काही क्लेम झालेला नाही. आम्ही कंपनीकडे त्या वर्षातलं दुरुस्तीचं बिल मागितलं आणि ते आलं. जानेवारी २०२३ मध्ये पुढचा बंपर आणि त्यामागचे दोन्ही बाजूंचे रेडिएटर बदललेले होते. ९११ चं इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या कोपऱ्यांत असतात. समोरून साधा धक्का बसला तरी ते जातात. बिल सर्व्हिस सेंटरच्या नोंदीशी जुळलं. तरीही पुतण्याला सांगून ठेवलं होतं ते त्याने केलं: सगळे सीटबेल्ट मुळापर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का, सीटखालचे लोखंडी रूळ आणि वायरींचे जोड हिरवट झालेत का, पुढच्या डिकीत बॅटरीभोवती चिखलाचा अंश आहे का. सगळं कोरडं आणि स्वच्छ होतं. पाण्यात बुडालेली गाडी पॉलिशने चमकवता येते, पण सीटबेल्टच्या गुंडाळीतला गाळ सहसा कोणी धुवत नाही.

दुसरी शंका मीटरची. अकरा वर्षांच्या गाडीला २२ हजार किलोमीटर कमी वाटतात. इथे पोर्शेच्या 'पीविस' या निदान यंत्रणेचा उपयोग झाला. इंजिनचा संगणक इंजिन किती तास चाललं याची वेगळी नोंद ठेवतो. ती निघाली सुमारे १,३०० तासांची. भागाकार केला तर ताशी सरासरी १७ किलोमीटर पडते. हा वेग ऐकून अण्णांना धक्का बसला आणि मीटर मागे फिरवलंय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, बेंगळुरूच्या रहदारीत हा वेग शक्य आहे. एकट्या या आकड्यावर निकाल द्यायला नको. मग सर्व्हिसच्या प्रत्येक नोंदीवरचे किलोमीटर क्रमाने मांडले. आकडे सलग वाढत गेले होते, कुठे मागे आले नव्हते. शंका तिथे मिटली. त्याच अहवालात इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं याच्या सहा पातळ्या असतात. वरच्या, धोक्याच्या पातळ्या रिकाम्या होत्या.

पीडीके गिअरबॉक्सवर जास्त वेळ घालवला, कारण तो गेला तर खर्च काही लाखांत जातो. थंड इंजिनवर पहिला गिअर टाकताना झटका नाही, रिव्हर्समध्ये उशीर नाही, सेन्सरचा जुना दोष नोंदलेला नाही. क्लच ऑइल मात्र पोर्शेने सांगितलेल्या वेळेत बदललेलं नव्हतं. पाण्याच्या पंपाजवळ कूलंट झिरपल्याची बारीक खूण होती. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचे चार अंक सांगत होते की ते २०१७ चे आहेत. आठ वर्षांचं रबर दिसायला नवं असलं तरी अशा गाडीला चालत नाही. पंप, ऑइल आणि टायर मिळून चार लाखांपर्यंतचं काम निघालं आणि ते भाव करताना उपयोगी पडलं.

भाव, आणि दोन नंबरचा प्रस्ताव

९२ वरून गाडी ८४ लाखांवर आली. मग डीलरने सुचवलं, बिल ६० लाखांचं करू, २४ लाख रोख द्या. असं का, याचा उलगडा अण्णांच्या सीएने केला. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने जुनी गाडी विकली तर जीएसटी पूर्ण किमतीवर लागत नाही, खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. पण कंपनीने गाडीवर घसारा (गाडी जुनी होते म्हणून हिशेबात दरवर्षी वजा होणारी रक्कम) घेतलेला असेल तर फरक मोजायचा तो विक्री किंमत वजा घसारा जाऊन उरलेली किंमत, असा. या कंपनीने गाडी २०१९ मध्ये ७० लाखांच्या आसपास घेतली होती. दरवर्षी १५ टक्के घसारा जाऊन पुस्तकात उरले होते साधारण २६ लाख. त्यामुळे फरक मोठा, आणि त्यावर १८ टक्के म्हणजे नऊ लाखांच्या घरातला कर. तो वाचवायला रोख हवी होती.

हा दुसरा निर्णयाचा क्षण. अण्णांच्या ओळखीतल्या दोघांनी 'सगळे असंच करतात' असा सल्ला दिला. वहिनी आणि सीए ठाम नाही म्हणाले, आणि मला त्यांची कारणं महत्त्वाची वाटतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे, हे खरं. पण रोख देणाऱ्याची अडचण वेगळी असते. व्यवहार फिसकटला तर त्या २४ लाखांचा पुरावा नसतो. शिवाय कर कंपनीचा वाचणार आणि धोका अण्णांच्या अंगावर येणार, असा तो हिशेब होता.

शेवटी सौदा ८६ लाखांवर झाला: जीएसटीसह, सगळे पैसे बँकेतून, बिल कंपनीच्या नावाचं, डीलरचं कमिशन कंपनीने द्यायचं. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेत्याने गोळा करायचा एक टक्का टीसीएस वेगळा. तो अण्णांना आयकर विवरणपत्रात वळता करून मिळणार होता. म्हणजे प्रामाणिक बिलासाठी अण्णांनी दोन लाख जास्त मोजले. मला तो पैसा योग्य ठिकाणी गेला असं वाटतं.

पैसे कोणत्या क्रमाने गेले

या संपूर्ण प्रकरणात सगळ्यांत चांगला झालेला भाग हाच. कंपनी, डीलर आणि अण्णा असा त्रिपक्षीय करार झाला आणि पैशाचा प्रत्येक टप्पा एकेका कागदाला बांधला.

वित्तसंस्थेचं ३१ लाखांचं येणं बाकी होतं. तिच्याकडून कर्ज पूर्ण फेडण्याची रक्कम लिहून घेतली आणि अण्णांनी तेवढे पैसे थेट त्या कर्जखात्यात आरटीजीएसने भरले, कंपनीच्या खात्यात नाही. कंपनीला पैसे दिले आणि तिने कर्ज फेडलंच नाही, ही शक्यता त्यामुळे संपली. वित्तसंस्थेने ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिला, बोजा उतरला आणि सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीवर तसं दिसू लागलं. उरलेली मोठी रक्कम एनओसी, म्हणजे फॉर्म २८, नाशिक आरटीओच्या नावे निघाल्यावर द्यायची होती. नाशिकला नाव लागेपर्यंत आठ लाख मागे ठेवायचे, अशी अण्णांची मागणी होती. डीलर शून्यावर अडला. तीन लाखांवर तडजोड झाली.

एनओसी अडकली

दसरा २ ऑक्टोबरला होता. बोजा सप्टेंबरच्या शेवटी उतरला आणि सगळ्यांना वाटलं, आता आठवड्याचं काम आहे. पण बेंगळुरूच्या आरटीओत अर्ज परत आला. डीलरने कंपनीकडून फॉर्मवर सह्या खूप आधी, तारीख न घालता घेऊन ठेवल्या होत्या. ज्या संचालकाची सही होती तो दरम्यान कंपनीतून बाहेर पडला होता. नवा ठराव, नव्या अधिकृत व्यक्तीची सही, चेसिस क्रमांकाचे पेन्सिल प्रिंट, गाडी चोरीची नसल्याचा दाखला, सगळं पुन्हा.

इथे तिसरा क्षण आला. डीलर म्हणाला, गाडी आत्ताच घेऊन जा, एनओसी मागून पाठवतो. परराज्यातली गाडी वर्षभर चालते. कायद्यातली बारा महिन्यांची मुदत खरी आहे, पण ती नवा नोंदणी क्रमांक घेण्याची. विकत घेतलेली गाडी स्वतःच्या नावावर करण्यासाठी खरेदीदाराला ३० दिवसच असतात. गाडी नाशिकला आली आणि कंपनीने पुढे सहीच केली नाही, तर अण्णांच्या दारात दुसऱ्याच्या मालकीची गाडी उभी राहिली असती. अण्णांनी दसरा सोडला. घरच्या जुन्या गाडीची पूजा झाली.

कंपनी हलेना, तेव्हा कामी आलं ते सर्वोच्च न्यायालयाचं २०१८ चं एक निकालपत्र. गाडी विकली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सीएने ते कंपनीच्या सचिवांना पाठवलं आणि लिहिलं की नाव लवकर बदलणं तुमच्याच हिताचं आहे. त्यानंतर ठराव झाला. एनओसी नोव्हेंबरच्या अखेरीस निघाली.

नाशिकला आल्यावर

गाडी बंद कॅरिअरमधून आली. ट्रक निघण्याआधीच विम्याचा अर्ज दिला होता, आणि यासाठी मी आग्रह धरला होता. मालक बदलला की तृतीय पक्षाचं संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. बोनस जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे त्याचा फरक अण्णांना भरावा लागला. माझ्या कामात मी अशी प्रकरणं पाहिली आहेत जिथे गाडीचा चुराडा झालाय, पैसे पूर्ण दिलेले आहेत, आणि पॉलिसीवर नाव जुन्याचं म्हणून क्लेम उभाच राहत नाही. त्या घरांत जाऊन हे सांगणं फार जड जातं. पॉलिसीवर नाव लागेपर्यंत गाडी युनिटच्या शेडमध्ये झाकून ठेवली. समृद्धीवर एकदा नेऊ द्या, म्हणून पुतण्या काकांच्या मागे लागला होता. काका बधले नाहीत.

पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २७ आणि ३० दाखल झाले, मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली आणि कराचा आकडा समोर आला. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर एकरकमी कर २० टक्के आहे; परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, पण आधार गाडीची मूळ किंमत असते, आपण दिलेली नव्हे. डीलरने 'तीन लाखांत होईल' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त भरावे लागले. फेब्रुवारीत एमएच-१५ चा क्रमांक मिळाला आणि नव्या क्रमांकाची पाटी लागली. मागे ठेवलेले तीन लाख त्या दिवशी कंपनीला गेले.

निष्पत्ती

गाडी उत्तम आहे. पंप आणि टायर बदलले, क्लच ऑइल बदललं, सर्व्हिस मुंबईला होते. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यामुळे कसारा घाट न उतरता तिथे जाता येतं, आणि कमी उंचीच्या गाडीला याचा खूप आधार होतो.

पण एकूण हिशेब सांगायला हवा. ८६ लाख, कर, कॅरिअर, तपासणी, विमानभाडं, टायर आणि पंप मिळून खर्च ९७ लाखांच्या आसपास गेला. ठरवलेली मर्यादा ओलांडली आणि मुंबईच्या गाडीपेक्षा एक रुपयाही वाचला नाही. अण्णांचं म्हणणं असं की मुंबईची गाडी तपासूच दिली नव्हती, तेव्हा तुलना करण्यात अर्थ नाही. त्यात तथ्य आहे. वहिनींचं म्हणणं असं की मुंबईची दुसरी एखादी गाडी तपासता आली असती आणि ते सहा महिने असेही गेलेच. मला त्यांचं म्हणणं अधिक पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

कराचा आकडा सौद्याच्या आधी काढायला हवा होता. मूळ बिलाची प्रत ऑगस्टमध्येच हातात होती. ती आणि आरसी घेऊन पेठ रोडला एक चक्कर मारली असती तर भाव ८६ वर थांबला नसता, किंवा सौदा झालाच नसता. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, कारण तिच्या किमतीत आपल्या राज्याचा कर नसतो. पर्यायांची तुलना करताना तिन्ही गाड्यांच्या किमती शेजारी लिहिल्या गेल्या त्या कर न धरता.

सह्या कोणी केल्या आहेत, हे करार करतानाच पाहायला हवं होतं. कंपनीचे संचालक कोण आहेत हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कोणालाही पाहता येतं. ते पाहिलं असतं तर दोन महिने वाचले असते.

इंधनाचा विचार फार उशिरा झाला. २०१४ ची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेन पेट्रोल पहिल्या टप्प्यात ज्या शहरांत आलं त्यांत मुंबई आणि पुणे होती, नाशिक नव्हतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत काय भरून ठेवायचं, हा प्रश्न अण्णांनी गाडी दारात आल्यावर विचारला. त्याचबरोबर २०२९ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण होतील. एप्रिल २०२२ पासूनच्या दरांत आयात केलेल्या चारचाकीच्या फेरनोंदणीची फी ४०,००० रुपये आहे आणि तेव्हा गाडी पुन्हा निरीक्षकांसमोर न्यावी लागेल. विकायचा विचार असेल तर ही तारीख धरूनच करावा लागणार.

मागे ठेवायची रक्कम तीन लाखांहून मोठी हवी होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंपनी निवांत राहिली, कारण कर्ज अण्णांच्या पैशाने फिटलं होतं आणि तिला घाई उरली नव्हती. कर्ज फेडण्याआधीच ठराव आणि ताज्या सह्या हातात घ्यायला हव्या होत्या. तसा क्रम लावला असता तर अण्णांचे ३१ लाख दोन महिने अधांतरी राहिले नसते. आणि नाव लागेपर्यंत किमान दहा टक्के रक्कम मागे राहील, ही अट पहिल्याच फोनवर, भावाचा विषय निघण्याआधी सांगावी. भाव ठरल्यावर ती मागितली की विक्रेत्याला ती आणखी एक घासाघीस वाटते आणि तो तिथेच अडून बसतो.